‘ज्यू कला’ नेमके कशाला म्हणावे? प्रतिमानिषेध, इतिहास आणि ओळख यांविषयी एक शंका

रेषाविचार

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात ‘धर्म आणि दृश्यकला’ या विषयावर व्याख्यानमाला चालू असून तिच्यातील एका सत्रात ज्यू कलेवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बौद्ध, जैन, इस्लामी किंवा ख्रिस्ती कलेविषयी बोलायचे असते तेव्हा निदान सुरुवात कोठून करायची हे ठाऊक असते. शैलीची लक्षणे सांगता येतात, राजाश्रयाचा इतिहास मांडता येतो, नकाशावर बोट ठेवता येते. या विषयात मात्र मी पहिल्याच पायरीवर अडखळलो आहे.

अडचण अशी की, बायबलमधील ‘निर्गम’ ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ज्या दहा आज्ञा आहेत, त्यांतील एक आज्ञा कोरीव मूर्ती करू नये, तसेच वर आकाशात, खाली पृथ्वीवर आणि पाण्यात जे काही आहे त्याची प्रतिमा करू नये असे बजावते. ही आज्ञा शब्दशः पाळली गेली असेल, तर ज्यू चित्रकलेचा इतिहास फार तर एकोणिसाव्या शतकापासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात सीरियातील दुरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकातील सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनागृहाच्या) भिंती माणसांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. मग त्या लोकांनी आज्ञा मोडली असे म्हणायचे काय?

आधुनिक काळात आले की दुसरी अडचण उभी राहते. कामीय पिसारो हा सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या) ज्यू कुटुंबात जन्मला, पण त्याने रंगवलेल्या पोंत्वाझच्या शेतांत किंवा पॅरिसच्या रस्त्यांत ज्यू म्हणता येईल असे मला काहीच दिसत नाही. उलट मार्क शागालच्या १९३८ सालच्या ‘श्वेत क्रूसारोहण’ या चित्राच्या मध्यभागी चक्क क्रूसावरचा येशू आहे आणि तरीही ज्यू कलेच्या चर्चेत त्या चित्राचा उल्लेख टळत नाही. तेव्हा शैली, विषय, चित्रकाराचा जन्म आणि वस्तूचा वापर यांपैकी कशाच्या आधारे ‘ज्यू कला’ ही संज्ञा वापरावी? व्याख्यानाला तासभरच मिळणार आहे, म्हणून काय घ्यावे आणि काय सोडावे याविषयीही जाणकारांनी सांगावे.

जुनी पोथी

आज्ञेपासून सुरुवात करणे योग्यच आहे, पण आपण ती अर्ध्यावर थांबवली आहे. लगेच पुढचे वाक्य त्या प्रतिमांना नमन करू नये, त्यांची सेवा करू नये असे सांगते, आणि नंतरच्या दोन हजार वर्षांतला बहुतेक वाद या दोन वाक्यांचा परस्परसंबंध कसा लावायचा यावरच झाला आहे. प्रतिमा घडवणेच निषिद्ध आहे, की पूजेसाठी घडवणे निषिद्ध आहे? त्याच ग्रंथात पाच अध्याय पुढे गेल्यावर कराराच्या कोशावर (आज्ञांच्या शिळापाट्या ठेवण्याच्या पवित्र पेटीवर) सोन्याचे दोन पंखधारी करूब, म्हणजे देवदूतांच्या आकृती, बसवावेत अशी आज्ञा सापडते, आणि एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देव नाव घेऊन निवडतो व सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करण्याचे कौशल्य त्याला देतो. बोरिस शाट्स याने १९०६ साली जेरुसलेममध्ये कलाशाळा काढली तेव्हा तिला याच बसालेलचे नाव दिले. ज्या ग्रंथात कारागिराला असा मान आहे, तो ग्रंथ कलेचा वैरी आहे असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, एक प्रसंग आहे, तो आपल्या व्याख्यानात अवश्य सांगावा. राब्बान गम्लिएल हा श्रेष्ठ धर्मपंडित अक्को नगरातील एका स्नानगृहात स्नान करत असतो आणि तेथे ॲफ्रोडाइटीचा पुतळा असतो. प्रोक्लोस नावाचा गृहस्थ त्याला विचारतो की, तुमच्या धर्मशास्त्राला मूर्तीचा विटाळ असताना तुम्ही येथे स्नान कसे करता? बाहेर आल्यावर गम्लिएल उत्तर देतो की, मी तिच्या हद्दीत शिरलो नाही, ती माझ्या हद्दीत आली आहे. हे स्नानगृह ॲफ्रोडाइटीची शोभा म्हणून बांधले असे कोणी म्हणत नाही, ॲफ्रोडाइटी स्नानगृहाची शोभा म्हणून ठेवली आहे असे म्हणतात. शोभेची वस्तू आणि उपास्य वस्तू यांतला हा फरक एकदा ध्यानात घेतला की पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

दुरा-युरोपोसकडे त्या नजरेने पाहावे. हे युफ्रेटिसच्या काठावरचे रोमन छावणीचे गाव होते. तेथील एका घराचे सिनेगॉग केलेले होते, आणि सापडलेल्या लेखांवरून त्याचे नूतनीकरण इसवी सन २४४-२४५ मध्ये झाल्याचे कळते. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सासानी सैन्याने वेढा घातला. गावकऱ्यांनी पश्चिमेच्या तटाला आतून बळकटी देण्यासाठी त्याला लागून असलेल्या इमारती मातीने भरून टाकल्या, त्यांत हे सिनेगॉगही गाडले गेले. गाव पडले, माणसे गेली, भिंती मात्र मातीखाली सुरक्षित राहिल्या आणि १९३२ साली येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात उजेडात आल्या. आज ती चित्रे दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

चित्रांत मोशे इस्राएल लोकांना समुद्रापार नेतो आहे, शमुवेल दावीदाचा अभिषेक करतो आहे, यहेज्केलला वाळलेल्या हाडांचे खोरे दिसते आहे. दावीद आणि शमुवेल यांचा पेहराव ग्रीक-रोमन धाटणीचा आहे, तर एस्तेरच्या कथेतील मर्दखय इराणी स्वारासारखा विजार घालून पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. देव मात्र कोठेही पूर्ण दिसत नाही. वरच्या कडेतून खाली आलेला त्याचा हात तेवढा दिसतो. माझ्या मते सर्वांत बोलके चित्र पलिष्ट्यांच्या देशात गेलेल्या कराराच्या कोशाचे आहे. त्यात दागोन देवाच्या मूर्ती मोडून जमिनीवर पडल्या आहेत, आणि त्या मूर्तींची वेशभूषा त्या परिसरात प्रत्यक्ष पूजल्या जाणाऱ्या देवांसारखी आहे. चार पावलांवर इतर देवांची मंदिरे उभी असलेल्या गावात, शेजाऱ्यांच्याच चित्रभाषेत, एक लहान समाज आपल्या भिंतीवर आपला देव वेगळा असल्याचे सांगत होता. येथे आज्ञा मोडलेली नाही; आज्ञेमागचा विचारच चित्रातून मांडला आहे.

इस्राएलमधील बेथ अल्फाचे उदाहरण अधिक गमतीचे आहे. १९२८ च्या अखेरीस पाटाचे पाणी आणण्यासाठी खणताना किबुत्झमधील (सामुदायिक शेतीवसाहतीतील) लोकांना सहाव्या शतकातील सिनेगॉगची कुट्टिम-भूमी, म्हणजे रंगीत खड्यांची चित्रमय जमीन, सापडली आणि पुढच्या वर्षी एलियाझार सुकेनिक याने ती पूर्ण उघडी केली. मधोमध राशिचक्र असून त्याच्या केंद्रस्थानी चार घोड्यांच्या रथात सूर्य आहे, तोही सरळ सरळ ग्रीकांचा हेलिओस. राशींची नावे मात्र हिब्रूत लिहिली आहेत. दाराजवळच्या पट्ट्यात अब्राहाम इसहाकाचे बलिदान करायला निघाला आहे आणि वरून पुन्हा तोच देवाचा हात येतो. मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना या कारागिरांची नावे तेथे ग्रीक लिपीत जडवलेली आहेत. रेखाटन इतके भाबडे आहे की पाहताना हसू येते, पण ग्रामीण समाजाने स्वतःच्या ऐपतीनुसार करवून घेतलेले हे काम मला राजवाड्यांतल्या कितीतरी कुट्टिमचित्रांपेक्षा जवळचे वाटते.

दृष्टी नेहमी एवढी उदार राहिली असे नाही. यरीहोजवळच्या नाअरान येथील सिनेगॉगच्या जमिनीवरील माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती नंतरच्या काळात काढून टाकलेल्या आहेत, पण हिब्रू अक्षरांना धक्का लागलेला नाही. म्हणजे हे काम बाहेरच्या विध्वंसकांचे नव्हे, समाजातल्याच लोकांचे असावे. पुढे इसवी सन १३०० च्या सुमारास दक्षिण जर्मनीत तयार झालेल्या वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) सचित्र पोथीत, म्हणजे आज जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात असलेल्या ‘पक्षिमुखी हग्गादा’त, ज्यू माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी काढली आहेत. मनुष्याचा चेहरा टाळण्याची ही युक्ती असावी, असा एक तर्क आहे. त्याच्या साधारण अर्धशतकानंतर स्पेनमध्ये रंगवलेल्या साराएव्हो हग्गादात मात्र माणसांचे चेहरे निःसंकोच येतात. काळाइतकाच देशाचाही फरक आहे.

तेव्हा शैलीचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यू समाज जेथे राहिला तेथील हात आणि हत्यारे त्याने वापरली. प्राचीन आणि मध्ययुगीन काळापुरते बोलायचे तर वस्तू कोणत्या ग्रंथाशी आणि कोणत्या विधीशी बांधलेली आहे हे पाहावे.

कॅनव्हास

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण शेवटची कसोटी एकोणिसाव्या शतकात निरुपयोगी ठरते. तोवर चित्रकार समाजासाठी काम करत होता. आता तो अकादमीत शिकू लागला, चौकटीतले चित्र काढू लागला आणि ते दिवाणखान्यात किंवा प्रदर्शनात टांगले जाऊ लागले. विधीशी नाते तुटले. उरला तो चित्रकार आणि त्याला पडलेला प्रश्न: आपण कोण?

मोरित्स डानिएल ओपेनहाइम (१८०० ते १८८२) याच्यापासून सुरुवात करावी. हानाउच्या ज्यू वस्तीत वाढलेला, म्युनिक आणि रोममध्ये शिकलेला हा चित्रकार. त्याच्या १८३३-३४ सालच्या प्रसिद्ध चित्रात नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढून आलेला ज्यू तरुण घरी परतला आहे. घरात शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) चालू आहे, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी प्रवास करून त्याने नियम मोडला आहे. घरचे लोक कौतुकाने त्याच्याभोवती जमले आहेत, पण वडिलांची नजर त्याच्या छातीवरच्या पदकाकडे गेली आहे आणि ते पदक क्रूसाच्या आकाराचे आहे. जर्मन देशासाठी रक्त सांडूनही नागरिकत्वाचे पूर्ण हक्क न मिळालेल्या समाजाचा पेच एका पदकात आणि एका नजरेत सामावला आहे. हे चित्र प्रार्थनेसाठी नाही, विधीसाठी नाही, त्याची शैली त्या काळच्या कोणत्याही जर्मन घरगुती चित्रासारखी आहे; आणि तरी ज्यू अनुभवावाचून ते काढले जाणे शक्य नव्हते.

माझ्या मते आपल्या व्याख्यानाचा कणा मात्र माउरित्सी गॉटलीब याने पुरवावा. द्रोहोबिचमध्ये १८५६ साली जन्मलेला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी क्राकूफमध्ये वारलेला हा चित्रकार पोलंडच्या इतिहासचित्रांसाठी ख्यातनाम असलेल्या यान मातेइको याचा विद्यार्थी होता. १८७४ मध्ये त्याने स्वतःला पोलिश सरदाराच्या पोशाखात रंगवले. दोनच वर्षांनी त्याने स्वतःचाच चेहरा अहास्वेरला, म्हणजे ख्रिस्ती दंतकथेतील भटकत्या ज्यूला दिला. आणि १८७८ मध्ये आज तेल अवीवच्या कलासंग्रहालयात असलेले ‘योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणारे ज्यू’ हे मोठे चित्र काढले; योम किप्पूर म्हणजे उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. त्यात तो एकदा नव्हे तर तीनदा आहे: लहान मूल, किशोर आणि तरुण. इतकेच नव्हे, चित्रातल्या तोराच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) गुंडाळीवर जे वस्त्र आहे त्यावर त्याने स्वतःच्या हिब्रू नावाने स्मृतिलेख रंगवला आहे, जणू ते वस्त्र त्याच्याच आत्म्याच्या शांतीसाठी अर्पण केलेले असावे. पुढच्याच वर्षी तो गेला. त्यामुळे या लेखाभोवती पुष्कळ भावुक लिखाण झाले आहे. त्यापेक्षा चार वर्षांत स्वतःला तीन निरनिराळ्या वेषांत बसवून पाहणारा हा माणूस नेमका काय शोधत होता, याकडे लक्ष द्यावे. त्याने कफर्णहूमच्या सिनेगॉगमध्ये उपदेश करणारा येशूही रंगवला आणि त्याच्या अंगावर प्रार्थनेची शाल दिली.

शागालच्या येशूविषयीची आपली शंका येथेच सुटते. शिकागोच्या कलासंस्थेत असलेल्या त्या चित्रात येशूच्या कमरेला ज्यू प्रार्थनाशाल गुंडाळलेली आहे. भोवती सिनेगॉग पेटले आहे, घरे उलटीपालटी झाली आहेत, माणसे होडीतून पळत आहेत, एक जण तोरा उराशी धरून धावतो आहे. युरोपातल्या ख्रिस्ती प्रेक्षकाला तो त्याच्याच पवित्र चिन्हाच्या भाषेत सांगतो आहे की, तुम्ही ज्याची पूजा करता तो आमच्यातला होता आणि आज तुम्ही पुन्हा त्यालाच खिळे ठोकत आहात. याच शागालने १९६२ साली जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील सिनेगॉगसाठी इस्राएलच्या बारा वंशांच्या रंगीत काचेच्या खिडक्या केल्या, तेव्हा मात्र त्यांत एकही मानवी आकृती घेतली नाही. दिवाणखान्यासाठी एक न्याय आणि प्रार्थनास्थळासाठी दुसरा, हा भेद त्याने पाळला.

एल लिसित्स्की या रशियन चित्रकाराचा उल्लेखही असावा. १९१६ च्या सुमारास तो इसाखार बेर रिबाक या मित्राबरोबर नीपर नदीच्या परिसरातील जुनी लाकडी सिनेगॉगे पाहत हिंडला आणि मोगिलेव्ह येथील अठराव्या शतकातील रंगवलेल्या छताच्या त्याने नकला उतरवून घेतल्या. आपल्या लोकांची स्वतःची अशी चित्रभाषा आहे काय, हा त्याचा शोध होता. काही वर्षांतच तो मालेविच या अमूर्त चित्रकाराच्या प्रभावाखाली शुद्ध भौमितिक आकारांकडे वळला आणि तो शोध मागे पडला. ती बहुतेक लाकडी सिनेगॉगे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली, आणि मोगिलेव्हचे छत आज आपल्याला प्रामुख्याने अशा नकलांमधूनच कळते. वॉर्सातील पोलिन संग्रहालयात ग्वोझ्जेत्स येथील सिनेगॉगच्या छताची जुन्या हत्यारांनी व जुन्या पद्धतीने केलेली प्रतिकृती आहे; तिच्यावरही राशिचक्र आहे, बेथ अल्फानंतर बारा शतकांनी.

पिसारोला सोडून द्यावे. जन्माच्या दाखल्यावरून चित्राची जात ठरवण्याची खोड ज्यांना होती, त्यांनी विसाव्या शतकात काय केले हे आपण जाणताच.

मलिदा

मी ठाण्याच्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) घरातली आहे, म्हणून या चर्चेत थोडी भर घालते. आपण मराठी श्रोत्यांपुढे बोलणार आहात, तेव्हा दुरा-युरोपोसबद्दल जे वर सांगितले गेले त्याचे कोकणातले आणि पुण्यातले उदाहरण आपल्याला सहज देता येईल.

आमच्या समाजाच्या परंपरेनुसार आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पोहोचले. शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून आम्हांला ‘शनिवार तेली’ म्हणत. त्या दीर्घ काळातली चित्रे किंवा नक्षीदार चांदीची उपकरणे आमच्याकडे नाहीत. ओळख टिकली ती शनिवारच्या विश्रांतीत, सुंतेत, खाण्यापिण्याच्या नियमांत आणि ‘शमा’ या मुख्य प्रार्थनेच्या उच्चारात. म्हणून ज्यू कलेचा इतिहास वस्तूंवरूनच लिहायचा ठरवले तर आमच्यासारख्या समाजाची पाने कोरी राहतात, ही मर्यादा आपण श्रोत्यांना सांगावी असे मला वाटते. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले, त्यानंतर हळूहळू इमारती आणि छापील ग्रंथ आले.

छपाईमुळे चित्र आले. पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह जी सचित्र हग्गादा छापली गेली, तिच्यातील एका चित्रात वल्हांडणासाठी बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका दाखवल्या आहेत आणि त्या साड्या नेसलेल्या आहेत. मर्दखय इराणी विजारीत आणि आमच्या आज्या-पणज्या साडीत, यांत मला तरी तत्त्वतः काही फरक दिसत नाही. मिसरमधून सुटका झालेल्या लोकांत आपण स्वतः होतो असे प्रत्येक पिढीने मानावे, असे हग्गादा सांगते. मग चित्रातली माणसे आपल्या अंगणातली असणार हे ओघानेच आले.

दुसरे उदाहरण कोणत्याही कलासंग्रहात मिळणार नाही, कारण ते घराघरांच्या भिंतींवर आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, अग्निरथातून स्वर्गात जात असल्याचे रंगीत छापील चित्र आमच्या कितीतरी घरांत चौकटीत लावलेले असते. नवस फेडताना, लग्नाच्या आधी किंवा नव्या घरात गेल्यावर आम्ही मलिदा करतो. गूळ किंवा साखर घातलेले पोहे, ओले खोबरे, वेलची आणि फळे ताटात मांडून एलियाहूचे गीत म्हणतो. अलिबागजवळ एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या आहेत अशी श्रद्धा आहे, तेथेही लोक मलिदा करायला जातात. आता या चित्राला आम्ही हार घालत नाही, उदबत्ती ओवाळत नाही. शेजारच्या घरात देवाच्या तसबिरीपुढे जे होते ते आमच्या घरात होत नाही, हे मुलांना लहानपणीच कळते. गम्लिएलचा न्याय आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी भिंतीवर शिकतो.

इमारतींबद्दल एकच सांगते. पुण्याचे लाल देऊळ किंवा भायखळ्याचे मागेन दाविद ही बगदादी ज्यूंनी, ससून घराण्याने बांधलेली भव्य सिनेगॉगे संपूर्णपणे त्या काळच्या इंग्रजी वळणाची आहेत. लाल देवळाचा मनोरा पाहून अनोळखी माणसाला ते चर्च वाटते. शैलीचा आधार घेऊ नये या मताला याहून सोपा पुरावा नाही.

रेषाविचार

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिसारोला सोडण्याचा सल्ला मी मान्य केला आहे. पण एक नवी शंका उद्भवली. नात्झी काळात मारल्या गेलेल्या चित्रकारांचे काय करावे? त्यांच्यापैकी काहींना स्वतःच्या ज्यू असण्याचे फारसे महत्त्व नव्हते. ते महत्त्व त्यांच्यावर शिक्क्याने लादले गेले. छळणाऱ्याने दिलेली ओळख आपण व्याख्यानात पुन्हा वापरली तर त्या चित्रकारांवर अन्याय होणार नाही काय?

कॅनव्हास

शंका रास्त आहे, आणि तिच्याविषयी खुद्द एका चित्रकारानेच चित्र काढून ठेवले आहे. फेलिक्स नुसबाउम १९०४ साली ओस्नाब्रूकमध्ये जन्मला, नात्झी सत्तेवर आल्यावर जर्मनीबाहेर राहिला आणि पुढे बेल्जियममध्ये लपून जगला. १९४३ च्या सुमारास त्याने काढलेल्या आत्मचित्रात त्याने कोटाची कॉलर वर केली आहे, मागे उंच भिंत आहे, कोटावर पिवळा तारा आहे आणि हातात ओळखपत्र धरले आहे. त्या पत्रावर फ्रेंच आणि फ्लेमिश अशा दोन्ही भाषांत ‘ज्यू’ असा लाल शिक्का आहे. तपासणाऱ्या शिपायाला दाखवावे तसे तो ते आपल्याला दाखवतो, म्हणजे चित्रापुढे उभा राहणारा प्रत्येक जण शिपायाच्या जागी उभा राहतो. शिक्का लादलेला आहे, हे तो लपवत नाही. तोच चित्राचा विषय करतो. १९४४ मध्ये त्याला पकडून आउश्विट्सला पाठवले गेले आणि तेथे त्याचा अंत झाला. तेव्हा या चित्राला ज्यू कला म्हणताना आपण नात्झींची व्याख्या स्वीकारत नाही, त्या व्याख्येला चित्रकाराने दिलेले उत्तर वाचतो.

शार्लोट सालोमोनचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि तेथे मी अधिक सावध राहीन. बर्लिनची ही तरुणी १९३९ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे पोहोचली आणि १९४० ते १९४२ या काळात तिने अपारदर्शक जलरंगांत शेकडो चित्रे काढली. त्यांतून निवडलेल्या ७६९ चित्रांची एक सलग कथा तिने रचली, लाल, पिवळा आणि निळा एवढ्याच मूळ रंगांतून, सोबत संवाद आणि कोणत्या प्रसंगी कोणती धून मनात आणावी याच्या सूचना. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये आउश्विट्समध्ये तिची हत्या झाली तेव्हा ती २६ वर्षांची आणि गरोदर होती. चित्रे एका डॉक्टरांकडे सोपवलेली असल्यामुळे वाचली, पुढे वडिलांच्या हाती आली आणि आता ॲमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयात आहेत. पण त्या कथेचा गाभा कुटुंबातल्या आत्महत्या, सावत्र आईविषयीची ओढ आणि प्रेम यांचा आहे. रस्त्यावरून जाणारे नात्झी मोर्चे त्यात आहेत, तरी ते कथेच्या केंद्रस्थानी नाहीत. तिला केवळ ‘होलोकॉस्टची चित्रकार’ म्हणून दाखवणे म्हणजे तिने स्वतः जे सांगितले ते न ऐकणे होय. वेळ कमी असेल तर तिला दोन मिनिटांत उरकण्यापेक्षा न घेतलेले बरे.

जुनी पोथी

सालोमोनबद्दल मी सहमत आहे. त्या जागी साराएव्हो हग्गादाचा पुढचा इतिहास सांगता येईल: १८९४ मध्ये ती साराएव्होच्या संग्रहालयाने विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य शहरात असताना दरविश कोरकुत या मुस्लिम ग्रंथपालाने ती लपवून वाचवली. १९९२ च्या वेढ्यातही ती पुन्हा वाचली. चित्रे जेवढी सांगतात तेवढेच कधीकधी पानांवरचे डाग आणि नोंदी सांगतात. १६०९ सालच्या एका इटालियन धर्मतपासनिसाने पोथीत आक्षेपार्ह काही नसल्याची सही करून ठेवली आहे.

मलिदा

एक विनंती आहे. व्याख्यान आउश्विट्सवर संपवू नये. ज्यू इतिहासावरचे बोलणे जवळजवळ नेहमी तेथेच संपते आणि ऐकणाऱ्याला वाटते की पुढे काही उरलेच नाही. मुंबईत १९६० साली बेने इस्राएल कुटुंबात जन्मलेल्या आणि आता अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या सिओना बेंजामिन यांची चित्रे शेवटी दाखवावीत. लघुचित्रांच्या धाटणीत रंगवलेल्या त्यांच्या बायबलमधील स्त्रिया बहुधा निळ्या कातडीच्या असतात. निळा रंग पाहून आपल्याकडच्या माणसाला कृष्ण आठवतो, अमेरिकेतल्या माणसाला कातडीच्या रंगाचा प्रश्न आठवतो, आणि चित्रातली बाई मात्र लिलिथ (ज्यू दंतकथेतील आदामाची पहिली बायको) किंवा एस्तेर असते. हिंदू शेजारात, कॅथलिक आणि पारशी शाळांत वाढलेल्या ज्यू मुलीने अशी चित्रे काढावीत यात मला नवल वाटत नाही, पण जेरुसलेम किंवा न्यू यॉर्कमधल्या प्रेक्षकाला ‘हे ज्यू कसे?’ असा प्रश्न पडतो. म्हणजे आपला मूळ प्रश्न उलट्या बाजूने येतो. त्यांच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. नुसबाउमच्या लगोलग त्या आल्या, तर प्रश्नोत्तरांचा वेळ अपुरा पडेल असा माझा अंदाज आहे, म्हणून सभागृह अर्धा तास जास्त मागून ठेवावे.